या हिवाळ्यात घरोघरी रोडगे होऊ द्या

२० डिसेंबरला बहिरमची यात्रा सुरू होते. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी भैरवनाथाचं ठाणं आहे. देवाला लोणी-शेंदूर चढतो, राहुट्या पडतात, आणि पुढे महिनाभराहून अधिक काळ त्या परिसरात गोवऱ्यांचा धूर उठत राहतो. अमरावती-अकोल्याचीच नव्हे, पार मध्य प्रदेशातली माणसंही तिथे पोचतात. पंगतीला हंडीतलं कालवण असतं आणि फुफाट्यातून नुकतेच काढलेले रोडगे.

आपण तिथे पोटभर जेवतो. परतीच्या गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "असे रोडगे आता कुठं भेटतात बापा!" सगळे माना हलवतात. पुढच्या वर्षी पुन्हा बहिरमला जायचं ठरतं आणि विषय संपतो.

मला हा विषय तिथे संपू द्यायचा नाही. रोडगे भेटत नाहीत, कारण आपण ते करत नाही. पीठ आहे, ओवा आहे, थोडी धडपड केली तर गोवऱ्याही मिळतात. करणारे हातही अजून आपल्यात आहेत. पण ते हात आता सत्तरी-पंच्याहत्तरीचे झाले आहेत. म्हणून हे आत्ता बोलायचं. आणखी दहा-पंधरा वर्षांनी बोलून उपयोग नाही.

रोडगा म्हणजे काय, हे वऱ्हाडात सांगावं लागू नये. पण आपल्याच घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना विचारून बघा. पिझ्झ्याच्या बेसला जाड आणि पातळ असे प्रकार असतात हे त्यांना ठाऊक असतं. रोडग्याला पदर असतात हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दोष त्यांचा नाही. त्यांनी तो होताना पाहिलाच नाही.

तर रोडग्यासाठी गहू जरा जाडसर दळायचा. जुनी माणसं त्यासाठी बन्सी गव्हाचं नाव घेतात. विदर्भातल्या काळ्या जमिनीत, ओलिताशिवाय, थंडीच्या दवावर पिकणारा हा कडक दाण्याचा गहू. कणकेत मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि सढळ हातानं तेलाचं मोहन. काही घरी जिरं पडतं, काही घरी तीळ, कुठे बडीशेप. कणीक घट्ट मळायची. मग लहान लहान पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल किंवा तूप लावून, वर कोरडं पीठ भुरभुरून त्या एकावर एक ठेवायच्या. शेवटी एका मोठ्या पोळीत ती चळत गुंडाळायची आणि तोंड दाबून बंद करायचं. काही गावांत पदर घालत नाहीत, सरळ गोळाच वळतात. दोन्ही बरोबर. रोडग्याची खरी रीत कोणती, यावर वाद घालण्यात आपण एक क्षणही घालवू नये. जी रीत आपल्या घरात आहे, ती वाचवावी.

तिकडे अंगणात किंवा वावरात गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. इथे घाई चालत नाही. धूर पुरता निघून जायला हवा, ज्वाळा बसायला हवी, वर राखेची साय धरायला हवी. मग विस्तव पसरायचा, रोडगे त्यात मांडायचे, फुफाट्यानं झाकायचे. मधेच उलटायचे. टिचकी मारल्यावर कोरडा आवाज आला की काढायचे, फडक्यात घोळून राख झटकायची आणि हातानं दाबून फोडायचे. पदर सुटे होतात, आतून ओव्याची गरम वाफ येते, त्यावर तूप. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. शेवटचा रोडगा गूळ-तूप घालून कुस्करायचा. जेवणाची सांगता त्या चुरम्यानं.

या सगळ्यात एक गोष्ट सहज निसटते. वऱ्हाडातल्या स्वयंपाकात पुरुषांचे हात ज्या मोजक्या ठिकाणी लागतात, त्यांतलं हे एक. गोवऱ्या रचणं, विस्तव सांभाळणं, रोडगे उलटणं, हंडीखालचा जाळ बघणं ही कामं गावोगाव बापे माणसं करत आली. कणीक मळायला बाया, वळायला पोरी-सुना, विस्तवाला बाबा-काका, पानं मांडायला पोरं. एकट्या माणसानं करायचा हा पदार्थच नाही. म्हणून तो मोडला की फक्त एक खाणं जात नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस काम करण्याची एक जागा जाते.

आणि ही जागा जुनी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुड लिहिलं, त्यातली सासुरवाशीण भवानी आईला नवस बोलते तो रोडग्याचाच. महाराष्ट्रभर ते भारुड लोक गातात. गाणाऱ्यांपैकी किती जणांनी रोडगा खाल्ला असेल? वऱ्हाडातली माणसं मात्र अजून देवाला तो वाहतात, हे आपलं भाग्य आहे.

पण गोष्ट एकट्या रोडग्याची नाही. आपल्या आजीच्या फडताळात बियांचं एक अख्खं जग होतं आणि त्या बियांशिवाय भाजणं-थापणं पुरं होत नसे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावून थापलेली भाकर. तव्यावरून काढून विस्तवाला उभी लावली की तीळ तडतडतात. पुरण नको, पक्वान्न नको, ती भाकर, लोणी आणि मिसळीची भाजी एवढ्यावर सण साजरा व्हायचा. जवसाची चटणी तर वऱ्हाडात बारमाही. जवस मंद आंचेवर भाजायचे, तडतडले की उतरवायचे, लसूण-तिखट-मिठासोबत उखळात कुटायचे. भाकरीवर चटणीचा ढीग करून मधे खळगा पाडायचा आणि त्यात तेल ओतायचं. हिवाळ्यात त्याच जवसाचे गूळ घालून लाडू. दर तीन वर्षांनी अधिक मास आला की खसखशीवर थापलेले अनारसे, जावयाच्या वाणात मोजून तेहतीस. मेळघाटाकडून आलेली चारोळी.

आणि गोडंबी. बिब्याच्या आतला तो पांढरा गर थंडीच्या लाडवात घालतात, हे आपल्याला माहीत आहे. पण बिबा फोडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याचं तेल अंगाला लागलं की उततं, कातडी सोलवटते. हात कसा राखायचा, बिबा कसा धरायचा, घाव कुठे घालायचा, हे जाणणाऱ्या बायका गावोगाव होत्या. त्यांचं हे ज्ञान कुठल्याही पाकिटावर छापलेलं नाही. ती बाई गेली की गोडंबीच्या लाडवातली गोडंबी गेली. मग राहतात काजू-बदाम. ते चांगलेच आहेत, पण ते आपल्या रानातले नाहीत.

आता जवस पुन्हा आले आहेत, पण निराळ्या वेशात. दुकानात ते 'फ्लॅक्स सीड्स' म्हणून सुबक डब्यात मिळतात, वर ओमेगा-३ लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. जवसात ते भरपूर असतं. आपल्या आज्यांनी ते नाव न घेता पिढ्यान् पिढ्या मुलाबाळांच्या ताटात वाढलं. एवढंच नव्हे, विदर्भात जवसाचं तेलही खाण्यात होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जी माणसं आज सकाळी चमचाभर जवस पाण्याबरोबर गिळतात, त्यांना मी मनापासून सांगेन: भाजा, कुटा, लसूण घाला, भाकरीबरोबर खा. औषधासारखं खाण्याची काही गरज नाही.

हे सगळं आपल्या ताटातून का गेलं, याचा विचार करताना कुणावर राग धरण्यात अर्थ नाही. कारणं साधी आहेत आणि शेतापासून सुरू होतात.

पूर्वी ज्वारी-कपाशीच्या वावरात मधेच एखादं तास तिळाचं, एखादं अंबाडीचं असायचं. मूग, उडीद, बरबटी सोबतीला. रब्बीत जवस, करडई. हे विकण्यासाठी नव्हतं, घरच्यासाठी होतं. सणाला लागणारे तीळ, चटणीला जवस, भाजीला अंबाडी आणि तिच्याच वाखाचा दोर. मग १९८०-९०च्या दशकांत सोयाबीन आलं. नगदी पैसा लवकर हाती येऊ लागला, शेतकऱ्यानं ते घेतलं. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं. ज्वारीला रानडुकरं आणि पाखरं सोडत नाहीत, राखणीला माणूस मिळत नाही. पुढे तणनाशकं आली. सोयाबीनवर फवारा मारला की तण जातं आणि त्या तणासोबत तीळ-अंबाडीचं तासही जातं. म्हणजे घरच्यापुरतं काही पेरायची सोयच वावरात उरली नाही. जे पूर्वी घरच्या कणगीतून निघायचं, ते आता किराणा दुकानातून आणावं लागतं. आणि जे विकत आणावं लागतं, त्यात हात आखडतोच.

दुसरं कारण विस्तवाचं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, गोवऱ्या थापणं थांबलं. घरात गॅस आला. गॅस आला हे फार चांगलं झालं. चुलीच्या धुरानं आपल्या आया-मावश्यांचे डोळे आणि छाती किती पोळली, ते आपण पाहिलं आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनं खेड्यातल्या घरांतही सिलिंडर पोचू लागलं. कुणी बाईनं पुन्हा रोजच्या चुलीकडे जावं, असं म्हणणाऱ्यांत मी कधीच असणार नाही. रोडगे रोज कधी नव्हतेच. वर्षातून दोन-चार वेळा, उघड्यावर, सगळ्यांनी मिळून. तेवढंच आपल्याला परत हवं आहे.

तिसरं कारण अंतराचं. आपली मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली, काही त्याहून दूर. तिथल्या फ्लॅटात अंगण नाही. संध्याकाळी फोन येतो, "आई, कणकेत तेल किती घालू?" आई म्हणते, "हाताले समजते." तिच्या हाताला समजतं हे अगदी खरं आहे. पण फोनच्या त्या टोकाच्या हाताला अजून समजत नाही. आणि प्रश्न विचारणारी मुलगी निराश होऊन ब्रेड आणते.

हे मोठं नुकसान आहे. आपल्याकडची मापं पायली, अधोली, मूठ, चिमूट अशी. ती मापं कळण्यासाठी त्या हाताजवळ बसावं लागतं. बसायला वेळ नसेल तर दुसरी काही सोय करावी लागते. ती आपण केली नाही.

इतरांनी केली. इंग्लंडमध्ये शहाजिऱ्यासारख्या कॅरवेच्या बिया घालून केक भाजायची जुनी चाल होती. तो केक घरोघरी व्हायचा. पुढे फॅशन बदलली आणि तो मागे पडला. पण १८६१ साली मिसेस बीटन यांच्या घरकामावरच्या जाडजूड ग्रंथात त्याची कृती मापांसकट छापली गेली होती. त्यामुळे आज दीडशे वर्षांनंतरही कुणाला वाटलं तर तो करता येतो. आपल्याकडेही मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिलं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं ते स्वयंपाकघर आजही आपल्याला उघडून बघता येतं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. त्यातल्या वाटीच्या मापानं किती नव्या सुनांना धीर दिला असेल! एका बाईनं बसून लिहिलं की हजारो घरांत पदार्थ टिकतो. वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात अशी एखादी बाई आहे. तिच्याकडे वही-पेन घेऊन आपण जायचं आहे.

तरीही नुसतं लिहून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. पदार्थ टिकतो तो निमित्तानं.

शेगावकडे बघा. गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी नैवेद्याला असते. त्या एका निमित्तानं वऱ्हाडातच नव्हे, पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मराठी घरांतही त्या दिवशी अंबाडी शोधली जाते. जिला एरवी कुणी विचारत नाही ती भाजी, माघ महिन्यात लोक बाजार पालथा घालून आणतात. हे कुणी मोहीम काढून केलेलं नाही. तिथी ठरलेली आहे, पदार्थ ठरलेला आहे, म्हणून ते टिकलं. बहिरमचे रोडगे टिकले तेही यात्रेमुळेच. त्याच बहिरमला पूर्वी बोकडांचे बळी पडत; गाडगेबाबांनी त्याविरुद्ध लोकांना जागं केलं. म्हणजे काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हे लोकांनी मनावर घेतलं तर ठरवता येतं. बळी सुटला, रोडगा राहिला.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की आपण प्रत्येक घरानं एक निमित्त ठरवून टाकावं. संक्रांतीच्या आसपासचा एखादा रविवार, तूर सोंगून झाल्यावरचा दिवस, आजोबांची पुण्यतिथी, मुलाचा वाढदिवस, काहीही. पण ठरवून. त्या दिवशी आपल्या घरी रोडगे. वावर असेल तर वावरात, नसेल तर मामाच्या वावरात, तेही नसेल तर गच्चीवर चार विटा मांडून. शहरातल्या चार घरांनी एकत्र यावं, म्हणजे खर्च आणि दगदग दोन्ही वाटली जाते. गोवऱ्या नाहीत म्हणून कुणी अडू नये. गोरक्षणात, गावच्या गोठ्यात त्या मिळतात. खरंच नाही मिळाल्या तर जाड बुडाच्या कढईत, ओव्हनमध्ये, बाटीच्या भांड्यात भाजा. फुफाट्याची चव येणार नाही, हे मान्य. पण पदर कसे घालायचे, कणीक किती घट्ट, मोहन किती, हे हातात राहील. विस्तव पुढे कधीतरी भेटेल. हात गेले तर काहीच उरणार नाही.

त्या दिवशी मुलांना लांब उभं करू नका. "विस्तवाजवळ येऊ नको" म्हणत आपण त्यांना मोबाइल हाती देतो, आणि मग त्यांना कशातच रस नाही म्हणून तक्रार करतो. आठ वर्षांचं पोर पदर लावू शकतं. बारा वर्षांचं पोर मोठ्यांच्या नजरेखाली चिमट्यानं रोडगा उलटू शकतं. स्वतः उलटलेल्या रोडग्याची चव त्याला साठ वर्षं आठवेल.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ही तर आजच करता येईल. घरात वजनकाटा असतो. आईला किंवा मावशीला कणीक भिजवायला सांगा, ती नेहमीच्या अंदाजानं करू दे. मात्र भांडं काट्यावर ठेवा. पीठ किती, तेल किती, पाणी किती पडलं, ते बघून लिहून घ्या. तिचा हात अडवू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका. ती जे सहज बोलेल तेही लिहा. "पीठ जुनं असलं तर पाणी जास्त पेते", "राख पांढरी दिसली म्हणजे झालं" अशा एकेका वाक्यात चाळीस वर्षांचा अनुभव असतो. फोनवर चित्रण करा, पण चेहऱ्याचं कमी आणि हातांचं जास्त. आणि तिच्याच बोलीत लिहा. 'जवारी' म्हणाली तर 'जवारी' लिहा, 'इस्तो' म्हणाली तर 'इस्तो'. ते शुद्ध करायला जाऊ नका.

ही वही एका घरात पडून राहू नये. गावच्या वाचनालयात, शाळेत, महिला मंडळात तिची एक प्रत जावी. आपल्याकडे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आहे. गावोगाव महाविद्यालयं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं खेड्यात भरतात. शिबिरातल्या मुलांनी रस्ता झाडावाच, पण संध्याकाळी दोन-तीन घरी बसून आजीबाईंकडून एकेक कृती मापासह लिहून आणावी. प्राध्यापक मंडळी हे मनावर घेतील याची मला खात्री आहे. त्यांच्यापैकी बहुतेकजण अशाच घरांतून आले आहेत.

तिसरी विनंती शेतकरी बांधवांना, आणि ती अगदी लहान आहे. पाच एकर सोयाबीन लावा, पण फवाऱ्यापासून लांबचा एखादा तुकडा, घराजवळचा किंवा विहिरीजवळचा, घरच्या बियांसाठी ठेवा. तिळाचं पीक तीन महिन्यांत हाती येतं. जवस तर खरिपानंतरच्या ओलीवर निघतो. बियाणं शोधायला दूर जायला नको. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दाराशी आहे. तिळाचे एकेटी-६४ आणि एकेटी-१०१ हे वाण तिथलेच. जवसाचं संशोधन याच विद्यापीठाच्या नागपूरच्या महाविद्यालयात चालतं. एनएल-९७, पीकेव्ही एनएल-२६० हे वाण तिकडून आले. विद्यापीठाच्या शिवार फेरीला आपण जातोच. या वेळी कापूस-सोयाबीनचे भूखंड बघून झाले की पावलं तीळ-जवसाच्या भूखंडाकडेही वळवा, तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा.

आणि कुणाच्या घरी जुनं बियाणं असेल, आईनं राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं, तर ते टाकू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाण जपले, बियाणं बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आपल्या अकोल्यातही अशी घरं आहेत. त्यांना हुडकायला हवं.

शहरातल्या आपण ग्राहकांचं काम त्याहून सोपं. जे पिकेल ते घ्यायचं. बाजारात खेड्यातून आलेली बाई टोपलीत जवस-तीळ घेऊन बसलेली दिसली, तर घासाघीस न करता तिच्याकडून घ्या. बचत गटाच्या प्रदर्शनात पापड-लोणच्याच्या पलीकडे बघा. "ताई, तिळाच्या भाकरी करून द्याल का, गोडंबीचे लाडू मिळतील का" असं विचारा. विचारणारं कुणी नसतं, म्हणून त्या करत नाहीत. अमरावतीचा गिला वडा बघा. लोक मागत राहिले, म्हणून तो गाड्यांवर टिकून आहे आणि त्याच्यावर कुटुंबं चालतात. तीच गोष्ट लग्नाची. केटररला पनीर आणि चायनीजची यादी आपणच देतो ना? मग हळदीच्या दिवशी एक वेळ रोडगे-वांग्याची भाजी सांगायला काय हरकत आहे? पाहुणे नाराज होतील ही भीती सोडून द्या.

भिवापूरच्या मिरचीला, वायगावच्या हळदीला, नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे. बिहारच्या माणसांनी लिट्टी जिथे गेले तिथे नेली, आता ती देशभर सगळ्यांना माहीत आहे. माळव्यातल्या माणसाला बाफल्यांचा, खानदेशच्या माणसाला वरण-बट्टीचा केवढा जिव्हाळा! वऱ्हाडी माणूस मात्र आपल्या रोडग्याबद्दल बोलताना उगाच संकोचतो. गावठी वाटेल, असं त्याला वाटतं. आपल्याकडचं साधं अन्न हे गरिबीचं अन्न, असा समज आपणच करून घेतला. भारताच्या पुढाकारानं २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपली ज्वारी साऱ्या जगाच्या कौतुकाचा विषय आहे. रोडग्यासाठीही आपण बाहेरच्या शाबासकीची वाट बघायची का?

पुण्यात, मुंबईत, परदेशात राहणाऱ्या वऱ्हाडी मंडळींनाही एक सांगायचं आहे. तुमची आठवण आमच्यापेक्षा ताजी असते, कारण तुम्हाला ते मिळत नाही. दिवाळीला गावी येता तेव्हा दोन दिवस जास्त काढा. आईला हॉटेलात घेऊन जा, जरूर न्या; पण एक दुपार तिच्याजवळ स्वयंपाकघरात बसा आणि तिच्या हाताखाली काम करा. परत जाताना बॅगेत फराळाबरोबर जवसाची एक पुरचुंडी आणि ती लिहिलेली वही न्या. तिथे चार मराठी घरं जमतात तेव्हा समोशांऐवजी एकदा रोडगे लावा. चुकतील, करपतील, पुढच्या वेळी जमतील.

घरातल्या पुरुषांना वेगळं काही सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. विस्तवाचं काम आपलं होतं. ते पुन्हा हाती घ्या. बायकोनं सकाळपासून राबायचं आणि आपण फक्त खाताना आठवणी काढायच्या, अशानं एकही परंपरा टिकणार नाही आणि टिकूही नये. गोवऱ्या आणा, रचा, पेटवा, भाजा, शेवटी भांडी घासा.

यंदाचा गहू बाजारात आहे, वांगी भरात आहेत, थंडी पडू लागली आहे. ज्यांच्या घरी अजून रोडगे होतात, त्यांनी यंदा शेजारच्या दोन घरांना बोलवावं आणि जेवायच्या वेळेला नव्हे, कणीक भिजवायच्या वेळेला बोलवावं. ज्यांच्या घरी होत नाहीत, त्यांनी विचारायला लाजू नये. वऱ्हाडात "शिकवा" म्हटल्यावर नाही म्हणणारी मावशी अजून जन्माला यायची आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे जा आणि रविवार ठरवून या.